सात नंबरचं उत्तर

शालू,

तुझ्या तेराव्याला फॅक्टरीतला तिवारी आला होता. गुडघे पार गेलेत त्याचे. काठी टेकत, दर पायरीला थांबत जिना चढला. तुझ्या फोटोला हात जोडले, खुर्चीत बसला, पाणी प्यायला. जेवणं सुरू झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाभीजी जैसी ऑपरेटर पूरी फॅक्टरी में नहीं थी. बस एक बार, विश्वकर्मा पूजा के दिन, दो दिन का चलता काम उड़ा दिया था. ज़िंदगी में एक गलती की, पर क्या गलती की!"

लोक हसले. तेराव्याला लोकांना हसायला काहीतरी हवंच असतं. तिवारीच्या मनात वाईट काही नव्हतं, डोळे पुसत पुसतच बोलून राहिला होता.

मी खाली मान घालून पुरी तोडत बसलो. तोंडात घास आहे म्हणून बोलता येत नाही, असं मनाशी म्हटलं. घास गिळून झाला, तरी बोललो नाही.

म्हणून हे लिहून राहिलो. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं द्या म्हणाले. मी म्हटलं, कोणा शिकलेल्याकडून लिहून घ्या, मी आठवी नापास माणूस. तर म्हणाले, नाही काका, तुम्हीच लिहा, जसं बोलता तसं. चलो, जसं बोलतो तसं. तुझं माहेर कुठलं, शाळा कुठली, ते काही मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. मला फक्त सातचं उत्तर द्यायचं आहे.

तू म्हणशील, अहो, वाचणाऱ्यांना सात म्हणजे काय ते कसं कळणार? सांगतो. तुझ्यासारखं नीट ओळीने सांगता यायचं नाही मला, पण सांगतो.

मी मशीन शॉपमध्ये टर्नर. तू त्याच फॅक्टरीत, पण काचेच्या पलीकडे, थंड खोलीत. खोलीभर कपाटाएवढी लोखंडी धुडं, सगळी मिळून एक कॉम्प्युटर. त्याच्यासमोर एक टेबल, टेबलावर पडदा आणि बटणांची पाटी. तिथे तू बसायचीस. कॉन्सोल म्हणतात त्याला, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की शेवटी मी मुद्दाम चुकीचं म्हणायचो. तू चिडलीस की बरं वाटायचं.

लग्नानंतर कितीतरी दिवस मी तुझ्या कामाला काम मानलं नाही. मी घरी यायचो तो तेलाने काळा, हाताला लोखंडाचा बुरादा टोचलेला. तू यायचीस ती गेलीस तशी, अंगावर एक स्वेटर, मे महिन्यात. मी म्हणायचो, "दिवसभर बसून टकटक करायची, याला काय मेहनत लागते?" मग एकदा भाकरी थापता थापता म्हणालीस, "तुमचं मशीन बोलतं का तुमच्याशी?"

"मशीन कशाला बोलेल?"

"माझं बोलतं. अडलं की विचारतं. पुढे जाऊ का, परत करून बघू का, सोडून देऊ का. प्रत्येक प्रश्नाला नंबर लावून विचारतं. मी त्या नंबरचं उत्तर दिलं की पुढे जातं."

"आणि नाही दिलं तर?"

"तर बसून राहतं. दिवसभर बसेल. त्याला घाई नसते. त्या ओळीपुढे एक चांदणी असते, ती काही हटत नाही. बाकीचं सगळं वर सरकून जातं, ती ओळ तिथेच राहते."

उत्तर कसं देतात तेही सांगितलंस. आधी आर. मग प्रश्नाचा नंबर. मग स्वल्पविराम आणि मग जे काय उत्तर असेल ते. लिहून झालं की लगेच दाबायचं नाही. पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचायचं. मगच एंटर. "दाबलं की ते गेलं," म्हणालीस. "मग रडून उपयोग नाही."

मग ते घरातच शिरलं. थंडीत पनागरचा मटार आणून गच्चीवर उन्हात सोलत बसलो की तू म्हणायचीस, "डी आर." म्हणजे, दाखवा, किती उत्तरं बाकी आहेत. आणि दाखवायचीस तूच. "दोन नंबर, मोरीचा नळ. तीन नंबर, वन्संच्या पत्राला उत्तर. चार नंबर, मीनूच्या शाळेत कोण जाणार."

मी म्हणायचो, "आर दोन, रविवारी."

"कोणत्या रविवारी? अर्धवट उत्तर घेत नाही मशीन."

मीनूला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. शेजारच्या बाईंना तिने विचारलं होतं, "आंटी, आपके यहाँ डी आर कब होता है?" बाईंना वाटलं कुठलं व्रत आहे. सामान काय काय लागतं, ते विचारायला आल्या होत्या तुझ्याकडे. त्या दिवशी तू जेवढी हसलीस तेवढी नंतर हसलेली मला आठवत नाही.

सात नंबर मात्र तू नळाला दिला नाहीस, पत्राला दिला नाहीस. आपल्या घरात सहाच्या पुढे आठ यायचा.

आता त्या दिवसाचं लिहितो. पाणी पिऊन आलो मध्ये.

विश्वकर्मा पूजेला फॅक्टरी घरच्यांसाठी उघडी असते. त्या दिवशी आम्ही लेथ बंद करायचो, घासलेटने पुसून चकचकीत करायचो, लेथचं लोखंड धरणारं गोल तोंड म्हणजे चक, त्याला हार, कुंकू, समोर नारळ. चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हे टर्नरला पहिल्या दिवशी शिकवतात. बाकी काही शिकवलं नाही तरी एवढं शिकवतात. माझ्यासोबतच्या दोघांची बोटं गेली, माझी दहाची दहा आहेत, म्हणून मला किती घमेंड होती ते तुला माहीत आहे.

आमची पूजा झाली आणि मी ताट घेऊन तुझ्या इमारतीत आलो. लोकांनी काचेतूनच बघायचं, असा नियम होता. आतल्या लोकांशिवाय कोणी आत जायचं नाही, पाटीच लावली होती. मी काचेवर टकटक केलं, ताट दाखवलं. तू मान हलवून नाही म्हणालीस. मी परत दाखवलं. तू दार थोडंसं उघडलंस.

"अहो, काय करून राहिलात? साहेब येतीलच आता."

"सगळ्या फॅक्टरीच्या मशीनला कुंकू लागलं. तुझ्याच मशीनला काहून नाही?"

"टेबलाच्या कडेला लावा आणि निघा. चपला काढा."

मी चपला काढल्या. खोली अशी थंड की पायाचे तळवे आखडले. आणि शांत. आमच्या शॉपमध्ये बंद मशीनला जी शांतता असते तशीच. माहिती भरलेल्या टेपांची चाकं थांबलेली होती. पडद्यावर हिरवी अक्षरं, हलत नव्हती. मी मनात म्हटलं, अच्छा, हिनेही बंद करून ठेवलं पूजेसाठी.

बंद नव्हतं. दोन दिवसांपासून सगळ्या स्टोअरच्या सुट्या भागांच्या याद्या चालल्या होत्या आणि मध्येच एक टेप वाचता येईना, म्हणून मशीनने विचारलं होतं. सात नंबर. तू साहेबांना फोन केलास. ते आधी म्हणाले, सोडून दे. तू आर सात लिहिलंस, पुढे कॅन्सल लिहिलंस, बोट ठेवून वाचूनही झालं. तेवढ्यात ते म्हणाले, थांब, दाबू नको, दुसरी टेप लावून बघू, मी येतो. म्हणून लिहिलेलं तसंच पडद्यावर ठेवून तू थांबली होतीस. मशीन तुझी वाट बघून राहिलं होतं आणि तू साहेबांची.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की काही फिरत नाही.

तू माझ्या ताटातलं फूल घ्यायला वळलीस. मी बोट कुंकवात बुडवलं आणि मशीनचं डोकं कुठलं ते बघितलं. खालचं लांबडं बटण मला पायासारखं वाटलं. उजवीकडचं मोठं बटण ते डोकं. तेच तुझं एंटर, हे मला कुठे माहीत. त्याच्यावर बोट टेकवलं. आम्ही चकला लावतो तसं, जरा दाबून.

अक्षरं सरकली. एवढंच झालं. आवाज नाही, धूर नाही. लेथवर चूक झाली तर कळतं, लोखंड ओरडतं. मला वाटलं, कुंकू लागलं आणि मशीन जागं झालं. मी तुला म्हणालोही, "बघ, प्रसन्न झालं."

तुझा चेहरा बघून पुढचं बोललो नाही.

तू पदराने ते बटण पुसलंस. माझ्या हातात ताट दिलंस, चपला दिल्यास आणि दाराबाहेर काढलंस. काचेतून मी बघितलं, तू रजिस्टर ओढलंस आणि उभ्या उभ्या लिहिलंस. काय लिहिलंस ते संध्याकाळी कळलं. ऑपरेटरच्या चुकीने काम बंद पडलं, आणि खाली सही. साहेब दोन मिनिटांनी आले, तेव्हा शाई वाळली होती.

घरी मी म्हणालो, "मी सांगतो साहेबांना."

तू म्हणालीस, "आज नको. तुम्ही आत आलात हेच त्यांना आधी लागेल. चार्जशीट मिळेल तुम्हाला. मला मेमो मिळेल, तेवढ्यावर भागेल. थोडं थंड झालं की सांगा."

तेवढ्यावर भागलं नाही. तुला कॉन्सोलवरून उठवलं आणि टेपांच्या कपाटाकडे बसवलं. दोन वर्षं तू टेपा काढून द्यायचीस आणि परत लावायचीस. परत कॉन्सोलवर आलीस तेव्हा शिफ्ट इन्चार्जच्या खुर्चीवर तिवारी बसला होता. तूच शिकवलेला तिवारी. तो तुला भाभीजी म्हणत राहिला आणि अडलं की तुलाच विचारत राहिला, तो माणूस चांगलाच आहे. पण खुर्ची तुझी होती.

आणि तुला उठवलं त्याच वर्षी मला आमच्या शॉपमध्ये सेफ्टीचं बक्षीस मिळालं. स्टीलचा तीन खणी डबा. बरीच वर्षं लेथवर एकही अपघात नाही म्हणून. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवसापासून तू मला त्याच डब्यात भाजी-पोळी दिलीस. डबा अजून आहे, एका खणाचं झाकण बसत नाही.

पहिली पूजा आली तेव्हा तू विचारलंस, "सात नंबर. साहेबांना सांगाल का?" मी म्हटलं, बघू. साहेब बदलून गेले. मग तू विचारायला लागलीस, "सात नंबर. तिवारींना सांगाल का?" मी म्हटलं, आता जुनं उकरून काय मिळणार. मग आपण दोघंही रिटायर झालो. फॅक्टरी मागे राहिली, साहेब राहिले नाहीत, चार्जशीट द्यायला कोणी उरलं नाही. तरी तू दर पूजेला मिक्सरला, शिलाई मशीनला, माझ्या स्कूटरला कुंकू लावायचीस, आणि शेवटी ते बटण काढायचीस. जुना कॉन्सोल भंगारात निघाला तेव्हा मागून आणलेलं ते मोठं बटण. त्याच्या फटीत अजून लाल आहे. त्याला कुंकू लावून म्हणायचीस, "कोणाला तरी सांगाल का?"

आवाज चढवला नाहीस कधी. नळाबद्दल विचारायचीस तशीच विचारायचीस.

भांडण मीच करायचो. "तू पडद्यावर लिहून कशाला ठेवलं होतंस? लिहिलं नसतंस तर माझ्या बोटाने काय झालं असतं?"

"लिहून ठेवलं ही माझी चूक. ती मी तेव्हाच मान्य केली, सही करून. मी तुमच्या बोटाबद्दल विचारून राहिले."

"अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. हिशेब बरोबर."

"मग तुमची अर्धी कुठे लिहिली आहे?"

यावर मी चहा मागायचो.

काहून नाही सांगितलं? आधी नोकरीची भीती होती, ती खरी होती. नंतर भीती नव्हती. शॉपमधली पोरं मला उस्ताद म्हणायची. चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हे मी किती जणांना ओरडून शिकवलं. त्या माणसाने चालत्या मशीनवर बोट ठेवलं, आणि तेही बायकोच्या, हे माझ्या तोंडातून निघेना. तुझी खुर्ची गेली तरी चालली मला. माझं उस्ताद जायला नको होतं. हे असं आहे. याच्याहून चांगलं कारण असतं तर तेच लिहिलं असतं.

दवाखान्यात तू तिसऱ्या दिवशी जरा शुद्धीत होतीस. दम लागत होता, बोलता येत नव्हतं फारसं. माझ्याकडे बघून म्हणालीस, "डी आर." मला वाटलं घरचं विचारते. मी सांगायला लागलो, लाइटचं झालं, दूधवाल्याला सांगितलं, मीनू गाडीत बसली, पोचेल सकाळपर्यंत. तू मान हलवलीस. मग बोटं दाखवलीस. एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन. सलाईनच्या पट्टीमुळे ती दोन नीट उघडत नव्हती.

मला कळलं. मी बोलणारच होतो, शालू. तेवढ्यात सिस्टर आली, म्हणाली, "बाबूजी, ज़रा बाहर बैठिए." मी बाहेर बसलो. बाकावर बसून मनात शब्द जुळवले. आत आलो तर तुझा डोळा लागला होता. मला बरं वाटलं. खोटं काय लिहू, सुटल्यासारखं वाटलं मला. म्हटलं उद्या सांगू. तू शांत पडली होतीस, काही हलत नव्हतं. मी परत तेच समजलो, की आता काही चालू नाही, घाई नाही.

तू दोन दिवस तशीच होतीस. उठली नाहीस.

नदीवर, ग्वारीघाटला, तुझ्या अस्थी सोडताना मी पाण्यात उभा राहून तुला सांगितलं. गुरुजी मंत्र म्हणत होते, मी आपलं माझं बोललो. पण ते खरं उत्तर नाही, मला कळतं. एकट्याने पाण्याला सांगायचं याला तू उत्तर मानलं नसतंस. तू विचारलं होतंस, कोणाला तरी सांगाल का. ऐकणारा माणूस पाहिजे. तेराव्याला तिवारीच्या रूपाने ती ओळ परत समोर आली, चांदणीसकट, आणि मी पुरी खाल्ली.

मीनू अजून इथेच आहे. माझं अक्षर तिला लागत नाही, म्हणून मी वाचून राहिलो आणि ती तिच्या लॅपटॉपवर टाइप करून राहिली. तिला मराठी कळतं सगळं, लिहायला वेळ लागतो. "बाबा, धीरे. काहून म्हणजे क वर काना ना?" असं चाललं होतं. कुंकवाच्या जागी आलो तेव्हा तिची बोटं थांबली.

"मतलब ती आईची गलती नव्हतीच?"

"नाही."

तिने टाइप केलेलं परत वरपासून वाचलं. मग म्हणाली, "बाबा, लहानपणी मी टीव्हीचं बटण चुकीचं दाबलं, तर तुम्ही काय म्हणायचे, याद आहे? म्हणायचे, आईसारखं न बघता दाबू नको."

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं, शालू. आता आठवलं. तू स्वयंपाकघरात असायचीस. तुला ऐकू जायचं.

मी म्हटलं, "तेही लिही."

"हे पण?"

"अर्धवट उत्तर घेत नाही मशीन."

तिने लिहिलं. रडली, पण लिहिलं. काही अक्षरं चुकली असतील, ती मंडळाचे लोक बघतील.

मी दमलोय. तू गेल्यापासून घरात कोणी काही विचारत नाही. नळ गळतो, गळू दे. मटार आणला होता मीनूने, सोलायला बसलो आणि अर्ध्यातून उठलो. तू मला एवढी वर्षं विचारत राहिलीस, कंटाळली नाहीस, सोडून दिलं नाहीस, दुसऱ्या कोणाला माझं नावही सांगितलं नाहीस. तुला सोपं होतं, एक दिवस तिवारीला म्हणायचं, अरे बाबा, ते मी नव्हते. तू म्हटलं नाहीस. उत्तर माझंच पाहिजे होतं तुला. एवढी वाट माझी दुसऱ्या कोणी पाहिली नाही.

तर घे. आर सात, स्वल्पविराम. बोट माझं होतं. मी आत यायला नको होतं, आलो. चालत्या मशीनला हात लावायला नको होता, लावला. शालूने काम उडवलं नाही. तिवारी, तू हे वाचशील तर पुढच्या वेळी तुझा किस्सा नीट सांग.

मीनू विचारते, "बाबा, भेजूँ?" मंडळाला इथूनच जातं म्हणे, एक बटण दाबलं की झालं. तिला म्हटलं, थांब. चष्मा दे. आधी वरपासून खालपर्यंत पडद्यावर बोट ठेवून वाचतो, अक्षर अक्षर. आणि ते बटण तू दाबू नकोस. मी दाबतो. बोट तेच आहे. या वेळी वाचून दाबतो.